नमुना नंबर दोन

४ जानेवारी १९९९, सोमवार

बारामतीत आलो. आलो कालच, पन सामान लावता लावता दिस गेला. वरकुट्यासनं टेम्पोत एक पेटी, दोन गाद्या, स्टो, दळान आनि दिशाचा पाळना एवढंच आनलं. पाळना टेम्पोत उलटा ठिवला तर माझ्या सासूबाई, ताईबाई, भर रस्त्यात उभ्या ऱ्हाऊन वरडायला लागल्या, लेकराचा पाळना उलटा ठिवत्यात का म्हनून. मालक म्हनले, आई, आपन बौद्ध हाय, आपल्यात असलं काय मानत न्हाईत. सासूबाई म्हनल्या, व्हय का? मंग बौद्धाची पोरं आजारी पडत न्हाईत वाटतं. टेम्पोवाला हसला आनि त्यानंच पाळना सुलटा केला.

ही डायरी कारखान्यात सभासदांना वाटत्यात तसली हाय, मालकांच्या दोस्तानं दिली. मालक म्हंजी संघपाल. तोंडानं नाव घेत न्हाय, लिवायला काय हरकत. त्यांना हितल्या एमआयडीसीत कंपनीत काम लागलं. ते म्हनले, मी पाळीवर गेलो की एकटी बसशील, लिव काय तरी, हात वळंल. मी सातवी शिकले. शाळा सुटल्यावर चिठ्ठीपलीकडं काय लिवलं न्हाय.

खोली एकच, पन पत्रा नवा आनि नळ दारात. म्होरं घरमालकांचा फोटू स्टुडिओ, मधी आंगन, माघारी आमी. घरमालक मोहनराव, सगळी त्यांना तात्या म्हनत्यात. साठीचे असतील. बोलायला लई गोड. दिशाला बगून म्हनले, काय गाल हायेत गं पोरीचे, डाळिंब फोडल्यावानी. मला बरं वाटलं, तरी आत जाऊन तिच्या गालाला काजळाची तीट लावली. संघपाल हसले. हसू देत. दिशा चौदा महिन्यांची हाय. चार पावलं टाकती, बसती आनि आपल्याच नावानं टाळ्या वाजवती.

तात्यांची मंडळी म्हाळसाकाकू आतल्या खोलीत पडद्यामागं पडून असत्यात. अंगावरनं वारं गेलंय, एक बाजू गेली. वाचा पन गेली.

९ जानेवारी, शनिवार

स्टुडिओ झाडायचं काम तात्यांनी मलाच दिलं. त्यांनी गेल्या साली कंपुटर घेतलाय. जावयाला जपावं तसं जपत्यात, वर टर्किशचा टावेल झाकलेला असतो. चालवनारा पोरगा पुन्याला निगून गेला, आता तात्या सोता एकेक बोटानं चालवत्यात.

आज झाडताना बगितलं तर कंपुटरच्या काचंवर एक नवरी व्हती. मी बोलून गेले, तात्या, नवरी हिरवी हाय. तात्या म्हनले, टूबलाईटीखालचा फोटू हाय, हिरवी झाक येती, मी काढली की. म्हनलं, अजून हाय, नाकाच्या कडंला आनि गळ्याखाली. तात्यांनी चष्मा कपाळावर नेला, खाली आनला, मंग खुर्ची सरकवून माझ्याकडं बगत बसले. इचारलं, पोरी तुला कसं कळलं?

मी इंदापुरात डाळिंबाच्या वखारीवर चार वर्सं फळं निवडली. सालीवरनं सांगायची आत दाना कसला निगंल. मला रंग उमगतो. बाकी काय उमगत न्हाय.

तात्या म्हनले, झाडू ठिव, हितं बस.

१५ जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर शिकतीय. हातात धरायच्या खोक्याला उंदीर म्हनत्यात. पैल्या दिशी वढत वढत टेबलाच्या खाली नेला, तात्या खोकला येईस्तवर हसले. म्हनले, आगं जरा उचलून परत ठिव, त्यो काय बैल हाय का.

तीन पट्ट्या हायेत. एकीच्या हिकडं मोरपंखी तिकडं लाल, दुसरीच्या गुलाबी आनि हिरवा, तिसरीच्या पिवळा आनि निळा. जी झाक नगं आसंल तिच्या उलट्या अंगाला बटन सारायचं. बल्बाखालचं बारसं पिवळं येतं, त्याला निळ्याकडं न्यायचं. निळ्या ताडपत्रीच्या मांडवातलं आख्खं लगीन निळं येतं, सगळं वऱ्हाड हिरीतनं काढल्यावानी. त्याला पिवळ्याकडं. तात्यांचं एकच सांगनं, आधी पांढरं धर. टोपी, धोतर, भिंत, काय पन. पांढरं खरं पांढरं झालं की बाकीचे रंग आपापल्या जागंला जाऊन बसत्यात. आनि हात जपून. मागं घ्यायची सोय एकदाच हाय. एक पाऊल मागं येतं, दोन न्हाय.

माझ्या लग्नाचा एकच फोटू हाय, त्यो पन असाच निळा. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसती. मी पांढऱ्या साडीत आनि तोंड नीळ घातलेल्या कापडागत. संघपाल चिडवत्यात, निळी बायको फक्त मलाच मिळाली. येळ घावला की तेवढा फोटू नीट करनार हाय.

दिशा पायापाशी चटईवर खेळती. लई खुशीत हाय मी. असं बसून, पंख्याखाली, कामाला लागीन असं वाटलं न्हवतं.

२० जानेवारी, बुधवार

आज निराळं काम आलं. कन्हेरीचे गेणबा म्हनून म्हातारे वारले. आयुष्यात एक फोटू काढला न्हवता. असं लई घरात व्हतं. मानूस गेला की कोनतरी सायकलवर तात्यांना बोलवायला येतं, तात्या जाऊन शेवटचा फोटू काढत्यात. भितीला टेकवून बसवत्यात, मागनं लेक धरतो. तेराव्याला फ्रेम पायजे असती, त्यात मानूस जिता दिसाय पायजे. डोळं थोरल्या लेकाचं लावायचं, मागचा हात पुसायचा. ते तात्या करत्यात. रंग माझ्याकडं.

मेलेल्याच्या फोटूत पांढऱ्याचा भरोसा नसतो. टोपीवर गुलाल, सदऱ्यावर बुक्का, भितीला चुलीचा धूर. धरायचं काय? गेणबाचं तोंड राखंवानी, ओठ जांभळं. मी तिन्ही पट्ट्या सारल्या, जीव काय येईना. तात्या म्हनले, असल्याला नमुना लागतो. चांगल्या उजेडातला एक जिता चेहरा शेजारी उघडून ठिवायचा आनि कातडीचा रंग त्याच्यावरनं उचलायचा. घरातलाच चेहरा घे, त्याचा रंग डोळ्याला पाठ असतो. मी म्हनलं, दिशा चालंल का? तात्यांनी चष्मा काढून पुसला. मंग म्हनले, चालंल की. लेकराचा रंग ताजा असतो.

आंगनात सकाळच्या उन्हात पांढऱ्या चादरीवर तिला बसवली आनि तात्यांनी फोटू काढला. हसरा आला, तीटसुदा. कागदावरचा फोटू शेजारच्या मशिनीच्या काचंवर पालथा ठिवला की कंपुटरात येतो, तसा घेतला आनि त्याचं नाव नमुना २ ठिवलं. मी इचारलं, नमुना १ कुठाय? म्हनले, त्यो उडाला.

एका बटनावर औषदाच्या नळीचं चित्र हाय, बाळाला थेंब पाजायची असती तसली. ती नळी दिशाच्या गालावर ठिवून दाबायची, रंग नळीत येतो. मंग त्यो गेणबाच्या गालावर हलका हलका द्यायचा. सुरकुत्या त्याच्याच ऱ्हात्यात, निस्ती ऊब येती. दुपारपतुर म्हातारा असा झाला जनू जेवून वट्ट्यावर बसलाय.

२५ जानेवारी, सोमवार

गेणबाची बायको प्रयागबाई फ्रेम न्यायला आली. बगून खालीच बसली. मला वाटलं रडंल. तर म्हनली, आगं बया, हयातीत कवा एवढं बरं दिसलं न्हाईत. हिला कुठनं घावला ह्यो मानूस? सगळी हसलो. जाताना दिशाची पापी घेतली आनि माझ्या डोक्यावर हात ठिवला.

सुप्याचे हिंदुराव म्हनून एक गेल्यात, त्यांचा फोटू आला. अजून दोन हायेत. तात्या म्हनत्यात, गावागावात बोलबाला झालाय, रेश्माच्या, म्हंजी माझ्या, हातचा मानूस जिता दिसतो.

१ फेब्रुवारी, सोमवार

दिशा चार दिस झालं मलूल हाय. ताप न्हाय, जुलाब न्हाय. दूध पिती. गाल मातूर उतरल्यात. डागदरांनी डोळ्याची पापनी खाली वढून बगितली, म्हनले रक्त कमी दिसतंय, लोहाचं औषद द्या. रक्त तपासाय घेतलं. नळीत थेंब थेंब चढवताना दिशा रडली न्हाय, निस्ती बगत व्हती.

शेजारची छबूबाई म्हनली, दिष्ट लागली, मीठ-मिरच्या उतरून टाक. संघपालना सांगितलं न्हाय, टाकल्या.

६ फेब्रुवारी, शनिवार

रक्ताचा कागद आला. रक्त चांगलं हाय म्हनं. डागदर सोता कागद आनि पोरगी, पोरगी आनि कागद बगत बसले. म्हनले, ह्या पोरीचं रक्त ह्यो कागद म्हनतोय तसंच हाय, मंग तोंडाला रंग का न्हाय ते मला कळंना.

या आठवड्यात सात झाल्या. सात फ्रेमा. हिंदुरावांची लेक तर फ्रेम छातीला धरून फाटकापासनं परत आली आनि माझ्या पाया पडली. मला लाज वाटली.

आज नमुना उघडला तर दिशाचा फोटू मला फिका वाटला. तात्यांना दावला. म्हनले, काच जुनी झालीय कंपुटरची. फोटूला काय व्हतंय? त्यातनं निस्तं बगून घ्यायचं असतं, कमी कसं हुईल?

१० फेब्रुवारी, बुधवार

काच जुनी न्हाय झाली. नमुना काढला त्याच दिशी तात्यांनी दिशाचा त्योच फोटू मला कागदावर काढून दिला व्हता, त्यो आमच्या खोलीत भितीवर हाय. त्यो पन फिका पडलाय. ऊन लागत न्हाय तितं. मागची पांढरी चादर तशीच, फ्रॉकाचा लाल तसाच लाल. निस्तं तोंड आनि हात. चुना दिल्यावानी. त्यावर तीट काळी कुळकुळीत.

दुपारी प्रयागबाई आली. फ्रेम आनली न्हाय, निस्तं इचाराय आली. म्हनली, आमच्या म्हाताऱ्याच्या गालाला काळा ठिपका कसला गं? तीळ न्हवता त्यांना. पैल्यांदा न्हवता फोटूत पन. आता उठलाय. मी म्हनलं, शाई सांडली आसंल, कुठल्या गालाला? तिनं आपल्या डाव्या गालावर बोट ठिवलं, डोळ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला.

मी दिशाला तितंच तीट लावते. रोज.

तिला चहा दिला. बशीत सांडला.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

तात्या कन्हेरीला गेल्यालं. मी कंपुटर लावला आनि सगळं धुंडाळलं. नमुना १ उडालेला न्हाय. हाय.

एक बाई. आंगनात, त्याच पांढऱ्या चादरीपुढं. नाकात नथ सोन्याची, साडी हिरवीगार. सगळं रंगीत. तोंड, गळा, हात राखाडी. आनि डाव्या अंगाचं तोंड न्हाईच. पुसलेलं. पाटीवरनं ओल्या बोटानं पुसावं तसं.

मी पडदा सारला. म्हाळसाकाकू जाग्या व्हत्या. महिनाभर पडद्याच्या हिकडनंच वाटी दिली व्हती मी, तोंड बगितलं न्हवतं. तोंड राखाडी. डोळं, ओठ, भुवया सगळं एकाच रंगाचं. नाकात नथ. सोन्याची.

मी इचारलं, काकू, हे फोटूनं झालं का? त्या डोळ्यानं बोलत्यात, तात्यांनी सांगितलं व्हतं, एकदा मिटलं की व्हय, दोनदा मिटलं की न्हाय.

एकदा मिटलं.

मी इचारलं, तात्यांना ठावं व्हतं?

एकदा.

१३ फेब्रुवारी, शनिवार

संघपालना सगळं सांगितलं. ते आधी चिडले, म्हनले माझ्या आईसारखं नगं करू. मंग त्यांना नमुना १ दावला, पडद्यामागं नेलं. ते बाहीर आले आनि त्यांनी सरळ तात्यांच्या गळपट्टीला हात घातला.

तात्या खालीच बसले. म्हनले, मारा, पन ऐका. सुरवातीला मला काय ठावं न्हवतं. ठावं झालं तवा म्हाळसा निम्मी उतरली व्हती. मी म्हनलं फोटूच नगं, पुसून टाकू. पुसायला लागलो. डाव्या गालापतुर आलो आनि आतनं भांडं पडल्याचा आवाज आला. तिचं डावं अंग तवा गेलं. वारं न्हाय, मीच.

संघपालनी इचारलं, मंग माझी पोरगी का घातली त्यात?

तात्या म्हनले, लहान जीव हाय. मला वाटलं, लेकराचं भरून येतं.

असं म्हनले. भरून येतं. केस कापल्यावर येत्यात तसं.

संघपाल कंपुटरकडं धावले, फोटू पुसाय. मी त्यांच्या हाताला लोंबकळले. पुसू नगा. पुसू नगा. त्यांच्या मनगटावर माझी नखं उठली.

१५ फेब्रुवारी, सोमवार

वरकुट्याला आलो. सासूबाईंनी दिशाला उचललं, तोंडाकडं बगितलं आनि पदराखाली झाकलं. वरडल्या असत्या तर मी एवढी भ्याले नसते. सांजच्याला सगळ्यांनी बसून त्रिसरण म्हनलं. दिशा टाळ्या वाजवत न्हाय आता. हात उचलती आनि इसरती.

हितं कंपुटर न्हाय. हितं काय व्हनार न्हाय.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दोनला दिशा मांडीवर व्हती. बगता बगता ओठ जांभळं झालं. माझ्या डोळ्यादेखत. आधी वरचा, मंग खालचा. गेणबाचं व्हतं तसं जांभळं.

तिकडं बारामतीत कोनीतरी आत्ता नळी लावली.

१७ फेब्रुवारी, बुधवार

परत बारामती. व्हय, तात्यांनीच. म्हनले, तेरावं उद्यावर आलं व्हतं, लोक दारात बसून व्हतं, मी काय सांगू त्यांना? म्हातारी गेलीय, नातवंडं रडत्यात. एकदाच लावली, हलकी.

संघपालनी कंपुटरच्या वायरी वढून काढल्या. मी परत लावल्या. नमुना त्यात हाय. त्यो बंद पडला तर काय, कोनाला ठावं हाय?

मला एक सुचलंय. जसा गेला तसा आनायचा. फ्रेमा परत आनायच्या, नळी त्यांच्या गालावर ठिवायची आनि दिशाला द्यायचं. कंपुटरात त्यातलं काय न्हाय, जागा ऱ्हात न्हाय म्हनून तात्या काम झालं की काढून टाकत्यात. फ्रेमाच पायजेत.

१८ फेब्रुवारी, गुरवार

कन्हेरीला गेले. दिशा कडंवर. हलकी झालीय.

गेणबा भितीवर. मी केला व्हता त्याच्यापेक्षा चांगला दिसतोय. गाल भरल्यात. म्हाताऱ्या तोंडावर लेकराची लाली. डाव्या गालाला तीट.

प्रयागबाईला सगळं सांगितलं. पाया पडले. दिशाला तिच्या मांडीवर ठिवली. ती रडली, दिशाच्या तोंडावरनं हात फिरवला, पन फ्रेम देईना. म्हनली, बया, ह्या मानसानं चाळीस वर्सं माझ्याकडं तोंड करून बगितलं न्हाय. जेवताना न्हाय, आजारपनात न्हाय. आता बगतोय. सकाळी उठले की बगतोय. न्हेऊ नगंस.

मी म्हनलं, मावशी, माझं लेकरू.

म्हनली, तुला अजून व्हत्याल.

मी उठले. दारात आल्यावर मागं बगितलं. खरंच बगत व्हता. तिच्याकडं न्हाय. दिशाकडं.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

सुप्याला हिंदुरावांच्या घराला कुलूप. बाकीच्यांची गावं तात्यांना आठवत न्हाईत. का मुद्दाम सांगत न्हाईत.

दिशा दूध पिना.

संघपाल म्हनत्यात, उद्या जीप करून पुन्याला न्यायचं. मोठ्या डागदरांना दावायचं. डागदर काय करनार? रक्त चांगलं हाय.

नखं पांढरी. जीभ पांढरी. डोळं तेवढं माझ्या मागं फिरत्यात —

लग्नाचा फोटू काढून ठिवलाय पेटीतनं.

२० फेब्रुवारी, शनिवार, दुपार

संघपाल जीप बगाय गेलेत. त्यांना सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर धरून ठिवलं असतं मला.

कंपुटर लावला. तात्या दारात उभं. आडवं आले न्हाईत.

माझा लग्नाचा फोटू मशिनीच्या काचंवर पालथा ठिवला, कंपुटरात घेतला. निळा. आख्खा मांडव निळा. आधी पांढरं धर. पांढऱ्या साडीचा पदर धरला आनि दाबलं. निळं सगळं निगून गेलं. मी दिसले. एकोनीस वर्सांची. गाल — दिशाचेच गाल. मला कोन बोललं न्हवतं कवा.

शेजारी नमुना २ उघडला. नळी माझ्या गालावर. मंग तिच्या.

दिशा मांडीवर हाय. डाव्या हातानं लिवतीय, न्हाय, उजव्या. उंदीर डाव्या हातात.

एकदा दिलं. डोळं मोठं केलं तिनं.

दोनदा. ओठ — व्हय, ओठ तांबूस — व्हय

तिसऱ्यांदा. दूध मागितलं. छातीला तोंड लावलं.

माझी नखं — ऱ्हाऊ दे.

चवथ्यांदा. टाळी वाजवली! एकच, पन वाजवली.

आता पट्ट्या तिन्ही सारख्या दिसत्यात. लाल कुठली ते जागंवरनं वळखते. मधली हिरवी. फ्रॉक कसला हाय तिचा? लाल व्हता. लाल हाय —

तात्या म्हनत्यात, बास पोरी, आला रंग, उठ. त्यांचं कसं खरं मानू? लहान जिवाचं भरून येतं म्हननारा मानूस.

मला दिसंना आला का. मी डाळिंब सालीवरनं सांगायची. मला दिसंना.

पडद्यापाशी गेले, पोरगी म्होरं धरली. काकू, आला का? त्यांनी डोळं मिटलं. एकदा. परत उघडंनात. व्हय म्हनल्या का —

अजून एकदा देते. कमी पडाय नगं.

दिलं.

जीप वाजली वाटतं बाहीर.

कुनाची नजर नगं लागाय. काजळाची डबी चाचपून घेतली. लावली तीट, डाव्या गालाला, रोजच्या जागंला. काळा ठिपका दिसतोय. ठिपका हालतोय, हसती ती, ऐकू येतंय मला. ठिपका तेवढा दिसतोय, पन त्याच्या भवती गाल कुठनं सुरू व्हतो ते